टर्बो गेला सांगून 68 हजार घेतले, गेली होती फक्त एक कॉइल

ज्यांच्याकडे जुनी टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) असलेली पेट्रोल गाडी आहे त्यांनी हे पूर्ण वाचा, कारण माझे 68 हजार गेले आणि ते जायची काही म्हणजे काहीच गरज नव्हती. गाडी 2011 ची, 1.8 लिटर टर्बो, सेकंड हँड घेतलेली, 1 लाख 12 हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष गाडीचा नव्हताच.

मार्चमध्ये आईला घेऊन पुण्याहून वाईला निघालो होतो. शिरवळपर्यंत गाडी एकदम मस्त, आणि खंबाटकी चढायला लागल्यावर तिसऱ्या गियरला ॲक्सिलरेटर दाबला की हिसके द्यायला लागली, मागून कोणीतरी धरून ओढतंय असं, आणि इंजिनचा पिवळा लाइट नुसता पेटला नाही तर ब्लिंक व्हायला लागला. पाय काढला की शांत, दाबला की परत सुरू. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, आई मागच्या सीटवर हात जोडून बसलेली, घाटात बाजूला घ्यायला जागा नाही. कसाबसा वर आलो. हा लाइट ब्लिंक होत असेल तर अजिबात रेटू नका, पाय हलका ठेवून जमेल तिथे थांबा, कारण तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा पार्ट) जाळत असतं, आणि तो कॉइलपेक्षा, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या छोट्या पार्टपेक्षा, कितीतरी महाग आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुण्यात परत आल्यावर शेजाऱ्यांनी सांगितलेल्या गॅरेजला गेलो, बाहेर मोठा बोर्ड, टर्बोचे स्पेशालिस्ट. माझी पहिली चूक तिथेच झाली, मी स्वतःच म्हणालो की "जुनी गाडी आहे, टर्बो गेला असेल का?" त्याने स्कॅनर लावला, संध्याकाळी स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपला पाठवला आणि फोन करून सांगितलं, टर्बो बसलाय. दुसऱ्या दिवशी समोर उभं करून टर्बोचा पाइप काढला, आत बोट फिरवून तेलकट बोट माझ्या डोळ्यासमोर धरलं, "बघा साहेब, ऑइल फेकतोय." मग टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून दाखवला, "आणि हा बघा प्ले." मी बघितलं, खरंच हलत होता, मला पटलं. नवीन सव्वा लाखाला, रिकंडिशन 68 हजारात, "तुमच्यासाठी चारही इरिडियम स्पार्क प्लग त्यातच टाकून देतो." चार दिवसांनी गाडी मिळाली, लाइट बंद, सपाट रस्त्यावर चक्कर मारली, छान वाटली. जुना टर्बो मागितला तर पिशवीतून एक काळा गोळा काढून दाखवला, तो माझ्याच गाडीचा का हे विचारायचं सुचलं नाही. बिल म्हणजे इस्टिमेटच्या कागदावर पेनाने लिहिलेला आकडा.

आठवड्यात कात्रजच्या चढाला परत तेच. गॅरेजवाला म्हणाला कॉम्प्युटरला सेट व्हायला वेळ लागतो, 500 किलोमीटर चालवा. चालवली. मग म्हणाला इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे पार्ट) काढावे लागतील, अजून 22 हजार. तिथे मात्र मी गाडी घेऊन निघालो.

मावसभावाच्या ओळखीचे साताऱ्याचे एक काका आहेत, लहानसं गॅरेज, पत्र्याची शेड. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टर्बो राहू द्या बाजूला, आधी कुठला सिलिंडर रुसलाय ते बघू." स्कॅनरवर फॉल्टचा कोड आला पी 0303. शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर नंबर, म्हणजे फक्त तीन नंबर मिसफायर करतोय, त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीये. काकांचं म्हणणं सरळ होतं, टर्बो चारही सिलिंडरना एकच हवा देतो, तो बिघडला तर पिकअप जाईल, निळा धूर येईल, शिट्टी वाजेल, एकटा तीन नंबर का रुसेल? मग त्यांनी तीन नंबरची कॉइल काढून दोनवर लावली, दोनची तीनवर, कोड क्लिअर केला आणि यवतेश्वर घाटात चढवून आणली. कोड आला पी 0302. फॉल्ट कॉइलबरोबर चालत गेला! कोड तीनवरच राहिला असता तर तसेच प्लग बदलून बघायचे, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. एकाच वेळी बरेच सिलिंडर मिस करत असतील तर पाइपमधून हवा लीक आहे का, पेट्रोलचं प्रेशर बरोबर आहे का, ते आधी. एवढी साधी गोष्ट आहे, आणि कॉइल अदलाबदल करायला पार्टचा एक रुपया लागत नाही.

कॉइलच्या रबराला केसाएवढी चीर होती आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढावी तशी काळी रेघ, ठिणगी आत जायच्या ऐवजी तिथून बाहेर पळत होती. टर्बोने हवा दाबली की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून सपाटीला गाडी चांगली आणि चढाला हिसके. आणि प्लग? नवीन इरिडियम म्हणून पैसे घेतलेले, ते चारही जुनेच, झिजलेले, ठिणगी पडते ती गॅप 1.1 मिलिमीटर, जिथे पाहिजे 0.8 च्या आसपास.

मग काकांनी टॉर्च मारून टर्बो दाखवला. हीट शिल्डचे बोल्ट गंजलेले, त्यावर पान्याची एक खूण नाही, ऑइल लाइनचे तांब्याचे वॉशर काळे पडलेले, जे टर्बो काढला की नवीनच टाकतात. म्हणजे टर्बोला कोणी हातच लावला नव्हता. पाइपमध्ये थोडं तेल नॉर्मल असतं म्हणाले, आणि इंजिन बंद असताना शाफ्ट आडवा जरासा हलतोच, आत-बाहेर हलायला नको किंवा पातं घासायला नको. प्लग, एक कॉइल आणि मजुरी मिळून 6,400 रुपये झाले, पक्क्या बिलासकट.

घरी येऊन पहिल्या दिवशीचा तो व्हॉट्सॲप फोटो मोठा करून बघितला. कोपऱ्यात स्पष्ट लिहिलेलं, पी 0303. त्याला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. पैसे गेले त्यापेक्षा हे जास्त लागलं, कारण मी आईला परत त्याच गाडीत बसवून फिरवलं, दुरुस्त झाली समजून.

जाब विचारायला गेलो तर आधी आवाज चढवला, काकांनी काढलेले फोटो दाखवल्यावर 20 हजार रोख देतो, तक्रार नाही असं लिहून द्या म्हणाला. नाही दिलं. 1915 वर फोन करून ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे, आता जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे, 5 लाखांपर्यंतच्या कामाला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं. 2019 च्या कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा धरलेली आहे, त्यामुळे तो पेनाने लिहिलेला कागद मी जपून ठेवलाय, यूपीआयच्या एंट्रीसोबत. तुमच्याकडे असे कागद असतील तर फेकू नका, आणि गॅरेजवाल्याने पाठवलेला स्कॅनरचा फोटो तर अजिबात डिलीट करू नका.