तेर : पैठणला जाऊन आलात, आता इकडं पण या

आपल्याकडं कोणी पाहुणा आला की आपण त्याला वेरूळ, अजिंठा, फार तर पैठण दाखवतो आणि मोकळे होतो. तेर कुणाच्या यादीतच नसतं, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी, कुर्डुवाडी-लातूर लाइनवर स्वतःचं स्टेशन असलेलं गाव आहे हे. जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथलं कापड गाड्या भरभरून भडोचच्या बंदरात येतं. म्हणजे विचार करा, आपल्या बालाघाटाच्या पायथ्याचं कापड पार रोमपर्यंत जात होतं!

आधी म्युझियम बघा, गाव नंतर. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालय. लामतुरे हे इथलेच, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवर पावसानं उघड्या पडलेल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या, त्यावरच हे उभं राहिलंय. शंखाच्या बांगड्या, सातवाहनांची नाणी, रंगीबेरंगी मणी, आणि पांढऱ्या चिकणमातीच्या बाहुल्या. या बाहुल्यांपाशी मी लई वेळ थांबले. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्या साच्यात काढून दोन्ही जोडायच्या, बारकाईनं बघितलं तर कडेला तो जोड दिसतो. केसांची ठेवण तर प्रत्येकीची वेगळी, कुणाचा अंबाडा, कुणाच्या कपाळावर बिंदी, बघत बसावं असं. तेरला एक हस्तिदंताची बाहुली पण सापडलीय, तशाच घडणीची एक 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली मिळाली आणि पॉम्पेई तर इसवी सन 79 मध्येच गाडलं गेलं, त्यामुळे या व्यापाराचा काळ कळायला केवढी मदत झाली बघा. लेकरांना घेऊन जाणार असाल तर हे आधी सांगून ठेवा, मग ती काचेला नाक लावून बघतात.

तिथून चालत त्रिविक्रम मंदिर. याच्यासाठी तरी याच. सगळं विटांचं, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, छत पण तसंच कमानदार, असं बांधकाम लेण्यात कोरलेलं खूप बघितलंय पण विटांनी रचलेलं आणि अजून उभं असलेलं फार कमी ठिकाणी उरलंय. मूळचं बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह असावं असं अभ्यासक म्हणतात, आता आत पाय उचललेला त्रिविक्रम, म्हणजे वामनावतारातला विष्णू आहे आणि रोजची पूजाअर्चा चालू आहे. बाजूनं पूर्ण फेरी मारा, समोरून फोटो काढून परत फिरू नका, कारण समोरचा मंडप नंतरचा आहे, खरी गंमत मागं आहे. उत्तरेश्वराचं मंदिर पण विटांचंच. इथल्या जुन्या विटा एवढ्या हलक्या की पाण्यावर तरंगतात.

मग नदीकडं, गोरोबाकाकांच्या समाधीला. चैत्र वद्यात यात्रा असते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस सोडून या. बाहुल्या बघून आल्यावर कुंभार संताच्या पायाशी बसताना मला तरी भरून आलं, या गावात मातीचं काम केवढं जुनं आहे.

गावाभोवतीची टेकाडं पायीच फिरा. जुनं शहर त्यांच्याच खाली आहे, 1957-58 पासून अनेकदा उत्खनन झालं तरी बराच भाग अजून मातीतच आहे. पायाखाली खापराचे तुकडे दिसतात. कृपा करून खिशात घालू नका, वस्तू जागेवरून हलली की ती कुठल्या थरातली हे कुणालाच सांगता येत नाही. पाट्या कमी आहेत, पण विचारलं की माणसं थेट दारापर्यंत आणून सोडतात.

खायला साधंच, आम्ही रस्त्याकडच्या एका हॉटेलात पिठलं-भाकरी खाल्ली, ठेचा जोरदार होता, बाकी फार अपेक्षा ठेवू नका. ऊन कडक असतं म्हणून दिवाळीनंतर ते माघापर्यंत या, टोपी आणि पाणी सोबत पाहिजेच. मुक्काम धाराशिवला करा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या लेण्या करा, शहरापासून आठेक किलोमीटरवर डोंगरात आहेत, थोडं चढउतार चालणं होतं आणि दोन नंबरच्या लेण्यातली पार्श्वनाथाची मूर्ती चुकवू नका.