मोनोफोकल लेन्स काही महिने वापरल्यावर: मोतीबिंदू नेमका कधी काढावा?

आधी काय बसवलंय ते. घडी होणारी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी कृत्रिम लेन्स, दोन्ही डोळ्यांत, फेको पद्धतीनं (अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदू फोडून), नंबर लांबच्या नजरेला धरून. चीर दोन-तीन मिलिमीटरची, टाका नाही, भूल फक्त थेंबांची.

लांबचं काम ही लेन्स चोख करते. समोरच्या गाडीचे दिवे फुटून पसरायचे ते थांबतं, मुंबई-गोवा महामार्गावर रात्री गाडी चालवणं पुन्हा जमतं. सुरुवातीला पांढरं निळसर वाटतं, कारण पिवळट झालेली मूळ लेन्स गेलेली असते. डोळा हळूहळू सरावतो. जवळचं मात्र चष्म्याशिवाय नाही, आणि हे आधी नीट समजून घ्यायला हवं. पेपरच नव्हे, ताटातल्या पेडव्याचे काटेसुद्धा धूसर दिसतात. दोन-अडीच नंबरचा चष्मा जेवतानाही लागतो. मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्सनं चष्मा बराच सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि कमी उजेडात फरक ओळखणं अवघड जातं. पहाटे होडी काढणाऱ्यानं मोनोफोकलच घ्यावी, हे माझं ठाम मत.

आता कधी काढायचा ते. "पिकू दे, मग काढू" हा सल्ला जुन्या पद्धतीच्या काळातला. फेकोत अल्ट्रासाउंडनं मूळ लेन्स फोडून ओढून घेतात. ती जितकी कडक, तितकी ऊर्जा जास्त लागते, बुबुळाला सूज येते, लेन्स ज्या पातळ पिशवीत असते तिची मागची बाजू फाटण्याचा धोका वाढतो. पूर्ण पांढऱ्या मोतीबिंदूतून प्रकाश जात नाही, त्यामुळे बसवायच्या लेन्सचा नंबर काढणारं ऑप्टिकल मशीन चालत नाही. साध्या सोनोग्राफीच्या मापावर भागवावं लागतं आणि चुकायला वाव राहतो. डोळ्याचा मागचा पडदाही दिसत नाही, आणि मधुमेह असेल तर तो तपासणं गरजेचं असतं. फार ताणलं तर फुगलेल्या मोतीबिंदूनं डोळ्यातला दाब चढून काचबिंदूही होतो.

म्हणून कसोटी पिकण्याची नाही, कामाची. होडीतून जेटीवर पाय टाकताना अंदाज चुकतो का? शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांच्या कडा दिसतात का? चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला का? चष्मा लावूनही ही कामं अडत असतील तर वेळ झाली. अडत नसतील तर नुसता "मोतीबिंदू आहे" म्हणून घाई नको. चष्म्याशिवाय अचानक वाचता येऊ लागलं, तर ते पुष्कळदा मोतीबिंदूमुळेच, नजर सुधारल्यामुळे नव्हे.

पावसाळ्यात ऑपरेशन नको, असं किनाऱ्यावर सर्रास बोलतात. ऋतूचा तसा संबंध नाही. उलट 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी मच्छीमारांना सोयीची. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक डोळा, डॉक्टर हो म्हणाले तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा. थेंब जवळजवळ बंदी संपेपर्यंत उरकतात. आंबा बागायतदारांनी दिवाळीनंतरचा काळ धरावा. गणपती दीड महिन्याच्या आत असतील तर थांबावं: धूप, गर्दी आणि पाण्याच्या घागरी, तिन्ही नकोत. पावसाळ्यातली खरी अडचण रस्त्याची. आंबा किंवा करूळ घाटात दरड पडली तर कोल्हापूरचं रुग्णालय लांब पडतं. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी तपासणी असते, आणि दुखणं, वाढती लाली, घटती नजर दिसली तर तासातासाला महत्त्व असतं, कारण तो आतला संसर्ग असू शकतो. पावसात करायचं तर जवळच करा.

आधी सांगायच्या गोष्टी: प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर ते नक्की सांगा, त्यानं बाहुली ऐनवेळी आकसते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. उन्हातान्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यावर पुष्कळदा मांस वाढलेलं असतं. ते मोठं असेल तर आधी काढून मग माप घेणं बरं, नाहीतर नंबर चुकतो. विम्यात बऱ्याच पॉलिसींना मोतीबिंदूसाठी दोन वर्षांची प्रतीक्षा आणि दर डोळ्याला खर्चाची ठरावीक मर्यादा असते. सरकारी रुग्णालयात अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली ऑपरेशन मोफत होतं.

नंतर थेंबांतच बहुतेक गोंधळ होतो. स्टिरॉइडचे थेंब चार ते सहा आठवडे, दर आठवड्याला कमी करत. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडले की डोळा पुन्हा लाल होतो. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर, बाटलीचं टोक पापणीला लागता कामा नये. महिनाभर समुद्राचं, विहिरीचं पाणी डोळ्यात नको. मासळी साफ करताना आणि चुलीपुढे चष्मा हवा. नवा नंबर सहाव्या आठवड्याच्या आसपास काढा, त्याआधीचा बदलतो.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसलं, तर बहुतेकदा लेन्समागची पिशवी जाड झालेली असते. यॅग लेसरनं ती काही मिनिटांत, चीर न देता मोकळी होते. लेन्सचं स्टिकर असलेलं कार्ड मात्र सांभाळा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्यावरचा नंबर दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर हमखास मागतात.