पुलर दणकट, बोल्ट भंगार: स्टीअरिंग व्हील पुलर किट वापरून बघितल्यावर

आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. स्टीअरिंग व्हील पुलर म्हणजे गाडीचं स्टीअरिंग ज्या दांड्यावर (शाफ्टवर) बसतं त्यावरून ते ओढून काढायचं टूल. पाचपैकी साडेतीन स्टार. पट्टी आणि मधला स्क्रू एक नंबर, त्याबद्दल तक्रारीचा चकार शब्द काढणार नाही, पण सोबत दिलेले बोल्ट म्हणजे निव्वळ भरती, डब्यावर 'युनिव्हर्सल' छापता यावं म्हणून टाकलेली. गाडी जुनी आहे, स्टीअरिंग कित्येक वर्षांत कुणी काढलेलं नाही आणि नट सोडला तरी ते जागचं हलत नाहीये, अशी केस असेल तर किट घ्याच. फक्त घेतल्या घेतल्या त्यातलं काय फेकायचं आणि काय बदलायचं ते बघा.

डब्यात एक जाड लोखंडी पट्टी आहे, तिच्या दोन्ही अंगांना लांबट खाचा, मधोमध आटे पाडलेलं भोक आणि त्यातून जाणारा लांब स्क्रू, वर षटकोनी डोकं, खाली फिरणारं टोक. हे फिरणारं टोक महत्त्वाचं, कारण स्क्रू फिरतो पण टोक शाफ्टच्या तोंडावर गप्प बसून राहतं, तिथे रगडत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच पुलरना नुसतं निमुळतं टोक असतं, ते शाफ्टच्या तोंडात घुसून पहिले आटे फाकवतं आणि मग नट परत चढत नाही. इथे तसं नाहीये. स्क्रूचे आटे बारीक आहेत, कटिंग स्वच्छ आहे, हाताने शेवटपर्यंत फिरवला तरी कुठे अडकत नाही. वापरायच्या आधी त्याला ग्रीस मात्र नक्की लावा, कोरडा फिरवला तर तुमची अर्धी ताकद त्याच्याच घर्षणात जाणार आणि आटेही खराब होणार.

आता पुलर लागतोच कशाला, चार हातोडे मारले की निघतं की, असं म्हणणारे भेटतातच. निघतंही कधी कधी. पण स्टीअरिंगचा शाफ्ट हा काही नुसता लोखंडी दांडका नाहीये. अपघातात ड्रायव्हरची छाती त्यावर आदळली तर शाफ्ट आणि कॉलम (शाफ्टभोवतीची नळी) दबून आखूड व्हावेत म्हणून त्यात एकात एक सरकणारे भाग असतात, आणि बऱ्याच डिझाइनमध्ये ते भाग प्लास्टिकच्या बारीक पिनांनी जागेवर धरलेले असतात. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून हे मोठ्या प्रमाणावर आलं, १ जानेवारी १९६८ पासून तिथे त्याचा नियमच झाला, मग हळूहळू जगभर पसरलं. म्हणजे 'माझी गाडी जुनी आहे, तिला असलं काही नसेल' हे गृहीत धरू नका. शाफ्टच्या तोंडावर हातोडा घातला की तो धक्का सरळ त्या पिनांना आणि कॉलमच्या बेअरिंगला बसतो. पिना तुटल्या की स्टीअरिंगमध्ये खेळ येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच जाणवत नाही आणि कॉलम आतून मोडलेला असतो.

पुलरची गंमत इथे आहे. तो हबला, म्हणजे स्टीअरिंगच्या मधल्या भागाला, दोन बोल्टांनी वर ओढतो आणि शाफ्टला मधल्या स्क्रूने खाली दाबतो, दोन्ही जोर एकमेकांत मिटतात, खाली कॉलमला जवळपास काही कळतच नाही. म्हणूनच मी म्हणतो की हे टूल ताकद वाढवायला घ्यायचंच नाही, ताकद योग्य जागी लावायला घ्यायचं. आणि हीच गोष्ट डब्यातल्या पत्रकात कुठेही लिहिलेली नाही, तिथे नुसती चित्रं आहेत, त्यातल्या एका चित्रात तर माणूस स्क्रूच्या डोक्यावर हातोडा मारताना दाखवलाय! म्हणजे ज्या धक्क्यापासून वाचायला पुलर घेतला तोच परत कॉलममध्ये पाठवायचा. ते चित्र बघून एक स्टार कापावासा वाटला होता, अर्धाच कापलाय.

एअरबॅगवाली गाडी असेल तर पुलरला हात लावायच्या आधीचं काम जास्त गंभीर आहे. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि थांबायचं, कारण एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये बॅटरी नसतानाही थोडा वेळ चार्ज साठलेला असतो. किती थांबायचं ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, कुठे दीड मिनिट, कुठे तीन, कुठे त्याहून जास्त, आपल्या गाडीचं बघायचं आणि वर थोडं अजून थांबायचं, काही बिघडत नाही. बॅग काढल्यावर तिचं तोंड अंगापासून लांब ठेवून उचलायची, ठेवताना कव्हर वर ठेवून सपाट जागी ठेवायची, वर काहीही ठेवायचं नाही. मल्टिमीटरने तिच्या पिना तपासायच्या फंदात तर अजिबात पडू नका, मीटरचा एवढासा करंटही तिला पुरू शकतो. ज्याला यातलं काही नवीन वाटतंय त्याने हे काम मेकॅनिककडेच करावं, यात कमीपणा कसला.

मग नट. नट सोडताना स्टीअरिंग लॉकच्या आधारावर जोर लावू नका, लॉकची ती बारीकशी पिन त्यासाठी बनलेली नाही, दुसऱ्या माणसाला स्टीअरिंग घट्ट धरायला सांगा. पुढची चाकं सरळ ठेवायची, आणि हब व शाफ्ट दोघांवर मिळून एक रेघ मार्करने ओढून घ्यायची म्हणजे बसवताना शाफ्टवरच्या दातांपैकी एक दात इकडेतिकडे होणार नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नट पूर्ण काढायचाच नाही! दोन-तीन आट्यांवर तसाच लोंबकळत ठेवायचा. जाम झालेलं स्टीअरिंग सुटतं ते हळूहळू नाही सुटत, विशेषतः शाफ्ट निमुळता असेल तर खाडकन सुटतं, आणि समोर तुमचं तोंड असतं. नट असला की ते तिथेच अडतं. हाताने गदागदा हलवून काढणारे नेमका नट आधी काढून खिशात टाकतात आणि मग दात हलवून घेतात. काही गाड्यांना नटाऐवजी मधे बोल्ट असतो, तिथे तो काही आटे सैल करून तसाच ठेवायचा आणि पुलरचं टोक त्याच्या डोक्यावर टेकवायचं.

आता माझी मुख्य तक्रार, बोल्ट. पिशवीत वेगवेगळ्या मापांच्या जोड्या आहेत, मिलीमीटरवाल्या आणि इंचवाल्या एकत्र, कुठल्यावरही माप लिहिलेलं नाही. आता ५/१६ इंची बोल्ट म्हणजे ७.९४ मिलीमीटर, आणि एम८ म्हणजे ८, डोळ्यांना काय फरक कळणार? पण आट्यांमधलं अंतर एकाचं १.४१ आणि दुसऱ्याचं १.२५ आहे, त्यामुळे चुकीचा बोल्ट हबमध्ये एक-दोन आटे छान जातो आणि मग जड लागायला लागतो, आपल्याला वाटतं गंज असेल, पाना लावून अजून फिरवतो आणि ॲल्युमिनियमच्या हबचे आटे गेले. नियम साधा ठेवा, बोल्ट निदान पाच-सहा आटे नुसत्या बोटांनी गेला पाहिजे, पान्याची गरज पडली की थांबायचं. हबमधल्या भोकात मळ असतोच, तो आधी ब्रशने आणि क्लीनरने काढा म्हणजे बोटांना खरं काय ते कळेल.

दुसरं म्हणजे ताकद. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असायला पाहिजे, इंची असेल तर ग्रेडच्या रेघा, पाच नंबर ग्रेडला तीन आणि आठ नंबरला सहा. या पिशवीतले सगळे कोरे. जरा हिशोब करून बघा, १६ मिलीमीटरच्या स्क्रूवर ३० न्यूटन-मीटर जोर लावला, म्हणजे रॅचेटने साधारण जोर, तरी घर्षण वजा जाता टोकाशी नऊशे ते साडेनऊशे किलोचा दाब तयार होतो. तो दोन बोल्टांत वाटला गेला, एकेकाच्या वाट्याला पावणेपाचशे किलो. ८.८ ग्रेडचा एम६ बोल्ट हे आरामात सोसतो, त्याची मर्यादा हजाराच्याही वर आहे. पण साधा ४.६ ग्रेडचा एम६ असेल तर तो साडेचारशेच्या आसपासच ताणला जायला लागतो. म्हणजे अजून स्टीअरिंगने हालचालसुद्धा केलेली नाही आणि बोल्टाचे आटे च्युइंगगमसारखे लांबायला लागलेत. पिशवीतला बारीक जोडीतला एक बोल्ट माझ्याकडे असाच लांबला, काढून बघितला तर मधे कंबर बारीक झालेली स्पष्ट दिसत होती. तुटला असता तर तुकडा डोळ्याच्या दिशेनेच आला असता, चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नका ते याचसाठी. मी सरळ हार्डवेअरच्या दुकानातून बरोबर मापाचे ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि जाड वॉशर घेतले आणि पिशवी बाजूला ठेवली.

लांबीचंही भान ठेवा. हबच्या पलीकडे इंडिकेटर परत फिरवणारा कॅम असतो, एअरबॅग असेल तर क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे ती चपट्या वायरची गुंडाळी. बोल्ट जास्त आत गेला की पलीकडून बाहेर येऊन त्यांच्यात घुसतो. एखाद्या काडीने भोकाची खोली मोजून बोल्टावर टेपची खूण करायची, एवढं सोपं आहे ते, पण पत्रकात याचाही उल्लेख नाही.

प्रत्यक्ष ओढायचं काम त्यामानाने कंटाळवाणं आहे, आणि ते तसंच असायला हवं. गंजतोडू ऑइल आदल्या रात्री शाफ्ट आणि हबच्या फटीत सोडून ठेवायचं. साधा डब्ल्यूडी-४० चालतो पण मुळात तो पाणी हटवायला बनवलेला आहे, खास पेनिट्रेटिंग ऑइल मिळालं तर तेच घ्या, थोडंच घ्या म्हणजे खाली स्विचमध्ये उतरणार नाही. पट्टी हबला समांतर बसली पाहिजे, एक बाजू खाली एक वर असं झालं की स्क्रू तिरपा दाबतो. मग स्क्रू ताठ होईपर्यंत आवळायचा आणि सोडून द्यायचं. खरंच सोडून द्यायचं, तसाच ताणात. थोड्या वेळाने परत थोडा आवळायचा. इम्पॅक्ट गन (नट-बोल्ट आवळायचं मशीन) लावून ट्रर्र करून आवळायची हौस आवरा. मधेच हबच्या कडेला, म्हणजे बाजूने, पितळी हातोडीने हलक्या टिचक्या मारल्या तर गंजाची पकड सुटायला मदत होते, शाफ्टच्या दिशेने मात्र नाही.

तरीही नाहीच निघालं तर उष्णता, पण एअरबॅग गाडीबाहेर असेल, सांडलेलं ऑइल पुसून झालं असेल आणि हब ॲल्युमिनियमचा असेल तरच, आणि हीट गनने, ज्योतीने नाही. ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण दुप्पट फुगतं. २० मिलीमीटरच्या भोकात ८० अंश तापमान वाढवलं तर हब आणि शाफ्ट दोघं सारखेच तापले तरी जवळपास दोन शतांश मिलीमीटर जागा होते. ऐकायला काहीच नाही, पण गंजाने पकडलेल्या खाचांना तेवढं पुरतं. माझ्याकडे 'टक्' असा कोरडा आवाज आला आणि स्टीअरिंग नटाला येऊन टेकलं. त्यानंतर स्क्रू एकदम हलका झाला, तेव्हाच समजायचं.

किट घ्यायच्या आधी हॉर्न पॅड काढून हबमध्ये आट्यांची दोन भोकं आहेत का ते बघून घ्या. नसतील तर हा पुलर उपयोगाचा नाही, कारण याला धरायला काही राहत नाही. कंपनीने डब्यात दोन हूकही टाकलेत, ते हबच्या मागून पकडायला म्हणून, पण ते एवढे जाड आहेत की बऱ्याच हबच्या मागे जागाच पुरत नाही, आणि ते स्पोकला लावायचा मोह झाला तर आवरा. जुन्या स्टीअरिंगचं प्लास्टिक किंवा बेकेलाइट वाळून इतकं ठिसूळ झालेलं असतं की रिमवरून ओढलं की तडा ठरलेला.

निघाल्यावर क्लॉक स्प्रिंगला लगेच टेप मारून टाका, ती फिरली की बसवताना तिचा मध्य हुकतो आणि स्टीअरिंग पूर्ण वळवलं की वायर तुटते. शाफ्टचे दात वायर ब्रशने साफ करायचे, नट नवीनच वापरायचा (बऱ्याच कंपन्या एकदाच वापरायचा म्हणतात), आणि टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचा. किटसोबत टॉर्कचा तक्ता मिळतो तो मात्र बघू नका, सगळ्या गाड्यांना एकच आकडा दिलाय त्यात.