मैफल की शिकवणी? व्हायोलिनवाल्यांनी नक्की काय धरावं

विशारद (संगीताची पदवीसारखी परीक्षा) झालंय, हात बरा चालतोय, घरचे रोज विचारतायत पुढं काय, आणि तुम्ही मैफल की क्लास यात अडकलाय, तर हे वाचा. मी फक्त हिंदुस्थानी व्हायोलिनबद्दल बोलतोय, दोन्ही थोडं थोडं केलंय म्हणून.

तबलावाल्या मित्राकडे बघून हिशोब मांडू नका. तबलजीला रोज कुणाला तरी साथ करायची असते, पेटीवाल्याचंही तेच. कर्नाटक संगीतात गायकाशेजारी व्हायोलिन हवंच असतं, आपल्याकडे मात्र ती जागा पेटीची आणि क्वचित सारंगीची. मग आपल्याला उरतो सोलो, म्हणजे स्वतंत्र वादन, सोलोसाठी नाव लागतं आणि नाव व्हायला सोलो मिळावे लागतात, बसा फिरत! मधल्या काळात नाट्यसंगीत, सुगमचे कार्यक्रम आणि रेकॉर्डिंगवर भागवायचं. त्यात कमीपणा काही नाही, फक्त नंतर आलापाला, म्हणजे रागाच्या संथ विस्ताराला, बसलं की गज (वाजवायची काठी) आपोआप घाई करायला लागतो, ती सवय मोडताना जीव जातो.

आणि स्टेज म्हणजे वाट बघणं. एका तासाच्या कार्यक्रमासाठी तीन महिने एकच राग घासायचा. एकदा बाहेरच्या उकाड्यातून थेट एसी हॉलमध्ये गेलो, तंबोरा सुरू झाला आणि माझी पंचमाच्या तारेची खुंटी सर्रकन सुटली, लोक समोर बसलेत आणि मी थुंकी गिळत खुंटी दाबतोय. तरी सांगतो, उतरत्या मींडेला (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला) पहिल्या रांगेतून हळूच ‘वा’ येतं ना, त्याची भरपाई कुठल्याच फीने होत नाही.

शिकवणीत पैसा दर महिन्याला येतो, हा सरळ फायदा. पण गाण्याच्या क्लासला जेवढी मुलं येतात तेवढी व्हायोलिनला येत नाहीत, आणि आलेली पहिल्या सहा महिन्यांत गळतात, कारण तेवढा काळ ते वाद्य मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखं वाजतं. सतारीसारखे पडदे नाहीत, गंधार (‘ग’) कुठंय ते कानानेच शोधायचं. ऑनलाइन शिकवणार असाल तर अ‍ॅपमधलं आवाज गाळायचं सेटिंग आधी बंद करा, नाहीतर लांब धरलेला षड्ज (‘सा’) त्याला गोंगाट वाटतो आणि मधूनच गायब होतो.

शिकवणीचा खरा तोटा वेगळाच आहे, तो कुणी बोलत नाही. संध्याकाळी चार तास कच्चे स्वर ऐकून, त्यांच्याबरोबर वाजवून, रात्री स्वतःच्या रियाजाला बसलं की बोट अर्धा केस खाली पडतं आणि कानाला ते चालून जातं. उलट फायदाही आहेच. एका मुलीने मला विचारलं, सर, गज वळवताना आवाज का तुटतो? उत्तर देताना कळलं की माझाही तुटतो, मनगट कडक होत होतं.

नोकरीचा रस्ताही बघा. विद्यापीठात शिकवायला जायचं तर एम.ए. आणि नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), किंवा पदवीबरोबर आकाशवाणीची ‘ए’ ग्रेड आणि मोठ्या गुरूंकडची तालीम असेल तर कलाकार म्हणूनही दार उघडतं. म्हणजे स्टेजवरची मेहनत तिथेही कामाला येते. व्हायोलिनवादक एन. राजम बाईंनी बनारस हिंदू विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं आणि गायकी अंगाचं, म्हणजे गाण्यासारखं वाजणारं, व्हायोलिन मैफलीतही गाजवलं. गजाननबुवा जोशी गायचे, व्हायोलिन वाजवायचे आणि गायक उल्हास कशाळकरांसारखे शिष्यही त्यांनी घडवले. पण ही नावं ऐकून ‘दोन्ही जमतं’ असं लगेच ठरवू नका, त्यांचा हात आधी तयार होता, शिकवणी त्यावर चढली.

माझं मत विचाराल तर तिशीपर्यंत मैफलीला झुकतं माप द्या. सकाळचा रियाज कुणालाही विकू नका, क्लास फक्त संध्याकाळी आणि चार-पाचच विद्यार्थी, त्यात न भागलेला घरखर्च रेकॉर्डिंगवर. घरची जबाबदारी आत्ताच अंगावर असेल तर मात्र उलट करा, क्लास नीट बसवा, वर्षाला दोनच कार्यक्रम घ्या पण ते जीव तोडून वाजवा. आणि ज्यांना मुलांचा बेसूर सहन होत नाही, राग येतो, त्यांनी शिकवणी धरूच नये, पैशासाठी तर नाहीच, मुलं वाद्यच सोडून देतात हो.