जुन्या कॅरीबॅगांपासून विणलेली टोट बॅग: घ्या, पण हे बघून घ्या

पुण्यात एका प्रदर्शनातून ही बॅग घेतली, आता भाजीला तीच नेते आणि मला मनापासून आवडलीय. लांबून बघितलं तर खणासारखं जाडसर विणलेलं कापड वाटतं, हात लावल्यावर कळतं की प्लॅस्टिक आहे, मंडईत भाजीवाल्या मावशी पण उलटीपालटी करून बघतात.

यात मेहनत किती आहे ते बघा, जमवलेल्या पिशव्या न् वेफर्सची पाकिटं आधी धुवायची, वाळवायची, रंगाप्रमाणे निवडायची, मग लांब पट्ट्या कापून चरख्यावर गुंडाळायच्या आणि हातमागावर उभा धागा सुताचा, आडवी ही पट्टी, असं कापड विणून मग शिवायचं. वरून रंग अजिबात देत नाहीत, पिशवीचा जो होता तोच. पुण्यात रीचरखा आणि इकोकारी हे दोन ब्रँड असंच काम करतात, माझी मात्र एका छोट्या गटाकडची आहे. एवढ्या मेहनतीमुळे किंमत जास्त वाटते, साध्या कापडी पिशवीच्या कितीतरी पट, पण हे सगळं हाताने झालंय म्हटल्यावर मला ती पटली.

बटाटे, कांदे, नारळ असं सगळं वजन आरामात घेते, चिखल लागला तर ओल्या फडक्याने पुसला की झालं. मासे मात्र नका ठेवू, विणीतून पाणी गळतं. बंदाची शिवण कच्ची होती, टेलरकडून जाड दोऱ्याने डबल टीप मारून घेतली, तेव्हा घेतानाच बंद ओढून बघा. इस्त्री चुकूनही फिरवू नका, वितळेल, आणि कडक उन्हात वाळत पण घालू नका, उन्हाने प्लॅस्टिक कडक होऊन त्याचे तुकडे पडायला लागतात, ते बारीक तुकडे परत मातीतच जाणार ना.

राज्यात २०१८ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे तरी घरात प्लॅस्टिक येतंच, ब्रेडची पिशवी, बिस्किटांचे पुडे, कुरिअरची पाकिटं. दुधाच्या पिशव्या भंगारवाला घेतो, त्या त्यालाच द्या. हे बाकीचं तो घेत नाही, ते धुऊन कोरडं करून साठवा आणि अशा विणणाऱ्यांना द्या, फक्त आधी विचारा त्यांना काय काय चालतं, कारण तेलकट पाकिटं आली तर धुण्यात त्या बायकांचा निम्मा दिवस जातो.