बिल क्लच प्लेटचे, दोष वायरचा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या ट्रकच्या मालकाला घाबरवायला "गिअरबॉक्स आतून गेला आहे" एवढे एकच वाक्य पुरते. आत काय आहे हे त्याला दिसत नाही, गाडी उभी राहिली की रोजचे नुकसान चालू होते, आणि समोरचा माणूस सांगेल ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही असे वाटू लागते. आमच्या ट्रकच्या बाबतीत याच वाक्याच्या बळावर मोठी रक्कम घेण्यात आली. प्रत्यक्षात दोष गिअरबॉक्सच्या बाहेर, चासीलगत गेलेल्या हार्नेसमधल्या, म्हणजे वायरींच्या जुडग्यातल्या, एका वायरमध्ये होता.

गाडी चालता चालता अचानक एकाच गिअरमध्ये अडकत असे आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा दिवा लागत असे. इंजिन बंद करून थोड्या वेळाने चालू केले की सगळे पूर्ववत होई. याला लिंप मोड म्हणतात. एखाद्या सोलेनॉइडचा (गिअर बदलण्यासाठी तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा) किंवा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा संकेत बिघडला, की गिअरबॉक्सचा कंट्रोलर, म्हणजे त्याचा छोटा संगणक, पुढचे नुकसान टाळण्यासाठी गिअर बदलणे थांबवतो आणि गाडी एका ठरावीक गिअरवर ठेवतो. घासलेल्या क्लच प्लेटचे लक्षण वेगळे असते: आरपीएम वाढतात, पण त्या प्रमाणात गाडी ओढत नाही, आणि इंजिन बंद-चालू केल्याने त्या प्लेटवर काही अस्तर परत येत नाही. आमच्या गाडीची ओढ भरल्या मालासकट शाबूत होती आणि हे आम्ही वर्कशॉपला पहिल्याच भेटीत सांगितले होते.

तेथे स्कॅनर लावला गेला आणि क्लच प्लेट जळल्याचे निदान तोंडी सांगण्यात आले. आम्ही हट्टाने स्कॅनरची छापील प्रत मागून घेतली, आणि पुढे सगळा उलगडा त्याच कागदावरून झाला. अवजड वाहनांमधले कंट्रोलर ज्या 'जे १९३९' नावाच्या मानक पद्धतीने माहिती देतात, तिच्यात प्रत्येक फॉल्ट कोडचे दोन मुख्य भाग असतात: बिघाड कोणत्या घटकाशी संबंधित आहे हे एसपीएन सांगतो आणि तो कोणत्या प्रकारचा आहे हे एफएमआय सांगतो. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे व्होल्टेज कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेले, तर यांत्रिक भाग प्रतिसाद देत नसल्यास आकडा ७ येतो. आमच्या कागदावर सोलेनॉइडच्या एसपीएनपुढे ५ होता. म्हणजे यंत्र स्वतःच विजेच्या सर्किटकडे बोट दाखवत होते आणि ते वाचणारा माणूस आम्हाला क्लच प्लेट विकत होता.

पुरावा म्हणून आम्हाला गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑईल पॅनमधले चुंबक दाखवण्यात आले. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर होता. असा बारीक लोखंडी भुगा वापरातल्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये साचतो. काळजी करावी ती बोटाला टोचणारे धातूचे कपचे किंवा प्लेटच्या अस्तराचे तुकडे सापडले तर. पण मालकाच्या डोळ्यांसमोर काळपट हात धरला की त्याचे अर्धे प्रश्न तिथेच संपतात, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते.

गाडी परत मिळाली तेव्हा ती उत्तम चालली, आणि मला या प्रकारातला सर्वांत धूर्त भाग हाच वाटतो. तपासणीच्या निमित्ताने कनेक्टर काढून पुन्हा बसवले, हार्नेस हलला आणि कोड पुसले, की अर्धवट तुटलेली वायर काही काळ पुन्हा जोडली जाते. ग्राहकाला वाटते की महागड्या दुरुस्तीचा गुण आला. काढलेले जुने भाग मागितले, तेव्हा ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले.

तोच दिवा पुन्हा लागल्यावर आम्ही गाडी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी आधी बॅटरीचे व्होल्टेज आणि चासी व गिअरबॉक्समधली अर्थिंगची पट्टी तपासली. नंतर गिअरबॉक्सच्या कनेक्टरवर सोलेनॉइडचा विद्युत रोध (रेझिस्टन्स) मोजला, तर तो योग्य निघाला. मग कंट्रोलरच्या बाजूने, संपूर्ण हार्नेसमधून, तोच रोध मोजत त्यांनी हार्नेस हळूहळू वाकवायला सुरुवात केली. एका क्लॅम्पपाशी मल्टिमीटरवरचा आकडा उडाला आणि सर्किट खुले असल्याची खूण आली. टेप सोडवली तेव्हा आवरण ब्रॅकेटला घासून फाटलेले, तांबे हिरवे पडलेले आणि वायरचे दोन-तीनच तंतू शिल्लक असलेले दिसले. हार्नेस न हलवता नुसती कंटिन्युइटी (वायर सलग आहे का ते) तपासली असती तर मीटरने बीप दिलाच असता, कारण बीप वाजायला एक तंतू पुरतो. म्हणूनच वायरिंगची परीक्षा लोड देऊन, म्हणजे वायरमधून प्रत्यक्ष करंट वाहत असताना, तिच्या दोन टोकांमधली व्होल्टेजची घट (व्होल्टेज ड्रॉप) मोजून घ्यायची असते. "मीटर लावून पाहिला, वायर ठीक आहे" या विधानाला त्यावाचून फारसा अर्थ नाही.

त्याच वेळी खाली वाकून पाहिले, तर गिअरबॉक्सच्या मुख्य आवरणाच्या बोल्टवर कारखान्यातून आलेल्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा जुळत होत्या. पान्याचा ओरखडाही नव्हता. पॅन तेवढा उतरवला होता. ज्या क्लच प्लेट आणि सील बदलल्याचे पैसे घेतले, तिथपर्यंत कोणी पोहोचलेच नव्हते.

यानंतर कोणत्याही गाडीचा गिअरबॉक्स उघडायला परवानगी देण्याआधी आम्ही एफएमआयसकट कोडची प्रत, सोलेनॉइडच्या रोधाचे दोन्ही टोकांकडून घेतलेले आकडे आणि जुने भाग परत देण्याची अट लेखी घेतो, आणि बोल्टच्या खुणांचे फोटो स्वतः काढून ठेवतो. आकडे मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे बहुधा आकडे नसतात.

ब्रॅकेटपाशी नवी वायर जोडून, वर संरक्षक नळी चढवून आणि क्लॅम्प सरकवून काम संपले. त्या कोडने नंतर तोंड दाखवले नाही. बोल्टचे फोटो आणि छापील प्रत घेऊन आम्ही पहिल्या वर्कशॉपकडे रक्कम परत मागितली. बाहेरच्या माणसाने वायरिंगला हात लावल्यामुळे त्यांच्या कामाची वॉरंटी रद्द झाली आहे, असे लेखी उत्तर त्यांनी पाठवले. न केलेल्या कामाची वॉरंटी रद्द करणारे ते पत्र आता आमच्या तक्रारीला जोडलेले आहे.