टाक्या तपासायला सेसना १७२ की पायपर आर्चर?

फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा खेळ, इंधनाच्या टाक्या खऱ्यासारख्या दाखवतो का, हे तपासायचंय. त्यात गोव्याच्या दाबोळी विमानतळावरून पश्चिमेला उडालं की लगेच समुद्र, म्हणजे इंजिन मुद्दाम बंद पाडायला मोकळं रान. (गोव्याच्याच मोपा विमानतळाचं पठारही चालेल, पण किनारा जरा लांब.) या दोन छोट्या, एका इंजिनाच्या विमानांपैकी मात्र कुठलं घ्यावं?

सेसना १७२ चे पंख वर, टाक्या पंखांत. इंधन आपल्याच वजनाने खाली उतरतं. टाकी निवडायच्या खटक्याला 'दोन्ही' अशीही जागा आहे, त्यामुळे एक टाकी रिकामी ठेवली तरी इंजिन आपलं चालूच. कंटाळवाणी चाचणी! पाहायचं एवढंच: खऱ्या सेसनात 'दोन्ही'वरही टाक्या सारख्या उतरत नाहीत. सिम्युलेटरमध्ये इंधनाचे दोन्ही काटे तंतोतंत जोडीने खाली आले, तर मॉडेल ढोबळ आहे.

आर्चरचे पंख खाली. इंधन वर ओढायला इंजिनाचा पंप, जोडीला विजेचा. 'दोन्ही' नाहीच, डावी किंवा उजवी. डावी पूर्ण भरा, उजवीत अगदी थोडं ठेवा आणि उजवीवर उडा. एका गॅलनचं वजन साधारण २.७ किलो, टाकी २५ गॅलनची; ऑटोपायलट बंद करून हात सोडले की विमान डावीकडे कललंच पाहिजे. नाही कललं, तर इंधनाचं वजन पंखावर धरलेलंच नाही. उजवी संपताना आधी इंधनदाब पडावा, मग इंजिन गचके खात थांबावं. आता खटका डावीवर, विजेचा पंप चालू. इंजिन काही सेकंदांनी परतलं तर ठीक. क्षणात परतलं तर नळीत शिरलेली हवा धरलेली नाही.

म्हणून मी आर्चरच घेईन. मात्र चाचणीत सिम्युलेटरमधला वेळ चौपट पळवू नका, हे गचके दिसतच नाहीत.